गोदावरीच्या पूर-अंदाजाची परीक्षा न पाहिलेल्या पुरावर व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकाच्या नाशिकच्या पानावर रोज एक चौकट छापून येते. त्र्यंबक, अंबोली, कश्यपी, गौतमी आणि गंगापूर येथे चोवीस तासांत किती मिलिमीटर पाऊस झाला, गंगापूर धरणात किती दशलक्ष घनफूट साठा झाला आणि नदीत किती क्यूसेकने (सेकंदाला किती घनफूट) विसर्ग सुरू आहे, एवढाच मजकूर त्यात असतो. सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार, गोदाघाटावरचे पुरोहित, खाली सायखेडा-चांदोरीचे शेतकरी पेपर उघडला की आधी ही चौकट पाहतात. त्या चौकटीतल्या पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, म्हणजे आभाळातून पडलेल्या पावसापासून नदीत उतरलेल्या पाण्यापर्यंत, जो हिशेब करावा लागतो, त्याबद्दल मला लिहायचे आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मी नदीचे पाणी मोजण्यात आणि मोजलेल्या पाण्याचा पावसाशी मेळ घालण्यात घालवली आहेत, आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नाने ऐन पावसाळ्यात रामकुंडावर होणार असल्याने हा विषय आता लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही, असे मला मनापासून वाटते.

माझे म्हणणे एकच आहे. पावसावरून पुराचा अंदाज देणारे कोणतेही मॉडेल ज्या पुरांच्या आधारे जुळवले, त्याच पुरांवर तपासून ते अचूक असल्याचे सांगितले जाऊ नये. त्याची परीक्षा त्याने कधीही न पाहिलेल्या पुरावर घ्यावी आणि त्या परीक्षेत किती चूक आली, हे नाशिककरांना आकड्यांत सांगावे.

हे एवढे आग्रहाने का म्हणतो, ते साध्या अंकगणितानेही कळेल. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार घनमीटर पाणी होते. गंगापूर धरणाचे पाणलोट क्षेत्र साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर आहे. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ३५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १,२३५ दशलक्ष घनफूट पाणी झाले. त्यातले ६० टक्के वाहून आले असे धरले तर धरणात सुमारे ७४० दशलक्ष घनफूट आवक होईल. हीच आवक चोवीस तासांत सारख्या वेगाने झाली तर ती सुमारे ८,६०० क्यूसेक भरते आणि सहा तासांत झाली तर सुमारे ३४,००० क्यूसेक. पाऊस तोच, पाणलोट तोच आणि पाण्याचा साठाही तोच असताना दरवाजे किती उचलायचे या निर्णयात चौपटीचा फरक पडतो. शिवाय ते ६० टक्के कुठून आले, हा प्रश्न उरतोच. ते ४० असतील की ८०, हे मातीवर, उतारावर, पिकावर आणि आधीच्या आठवड्यात किती पाऊस झाला यावर ठरते. किती पाणी आणि किती वेळात, या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच पर्जन्य-अपधाव मॉडेल, म्हणजे पडलेल्या पावसावरून वाहून येणारे पाणी काढणारे गणित, असते.

या विद्येचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. १८९२ मध्ये डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या अभियंत्याने मुंबई इलाख्यातल्या तलावांसाठी पावसावरून येवा, म्हणजे वर्षभरात वाहून येणारे पाणी, काढण्याचे कोष्टक तयार केले आणि पाणलोटांचे चांगला, मध्यम आणि वाईट असे तीन वर्ग केले. पुढे सी. सी. इंग्लिस यांनी पश्चिम भारतातल्या नद्यांच्या नोंदींवरून दोन सूत्रे बसवली, एक घाटमाथ्याच्या पाणलोटांसाठी आणि दुसरे पठारासाठी. घाटाच्या सूत्रात सेंटिमीटरमधल्या वार्षिक पावसाच्या ०.८५ पटीतून ३०.५ वजा करतात. पठाराच्या सूत्रात पावसाला, पावसातून १७.८ वजा करून उरणाऱ्या आकड्याने गुणतात आणि २५४ ने भागतात. इगतपुरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर पहिल्या सूत्राने २,२४५ मिलिमीटर पाणी वाहून जाते, म्हणजे चार भागांतले जवळजवळ तीन. निफाडकडे ५०० मिलिमीटर धरला तर दुसऱ्या सूत्राने जेमतेम ६३ मिलिमीटर, म्हणजे आठव्या भागाच्या आसपास. शंभर किलोमीटरच्या आत, एकाच जिल्ह्यात, एकाच नदीच्या खोऱ्यात हा फरक आहे. म्हणूनच दुसऱ्या कुठल्या खोऱ्यात उत्तम चाललेले मॉडेल जसेच्या तसे उचलून त्र्यंबकच्या डोंगरावर लावले तर त्यावर माझा विश्वास बसत नाही, मग ते कितीही प्रसिद्ध असो.

ही जुनी सूत्रे वर्षाचा येवा सांगतात. पूर मात्र तासांत येतो, म्हणून त्याला चालते मॉडेल लागते. असे मॉडेल जमिनीला एखाद्या भांड्यासारखे धरते. भांडे रिकामे असेल तर पाऊस आधी ते भरतो, आणि भरले की वरून वाहू लागतो. जूनमध्ये काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पहिला ५० मिलिमीटरचा पाऊस त्या भेगांत जातो आणि ओढ्याला ओलही येत नाही. तोच पाऊस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, भाताची खाचरे बांधापर्यंत भरलेली असताना आणि मुरमातून झरे फुटलेले असताना पडला, तर तासाभरात ओढे लाल होतात. अमेरिकेच्या मृद संधारण खात्याने १९५० च्या दशकात रूढ केलेली कर्व्ह नंबरची पद्धत मातीचा प्रकार, जमिनीचा वापर आणि हाच ओलेपणा मिळून शून्य ते शंभर यांमधल्या एका अंकात पकडू पाहते आणि आपल्याकडे ती सर्रास वापरली जाते. तिचे मूळ तक्ते अमेरिकेतल्या शेतांवरून तयार झाले आहेत. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे भातखाचर त्यातल्या कोणत्या ओळीत बसवायचे, हे तक्ता सांगत नाही. ते नदीलाच विचारावे लागते. मोजलेला पाऊस मॉडेलमध्ये घालायचा, बाहेर येणारा प्रवाह मोजलेल्या प्रवाहाशेजारी ठेवायचा आणि दोन्ही रेषा जुळेपर्यंत, तंबोऱ्याच्या खुंट्या पिळाव्यात तसे, मॉडेलमधले अंक थोडे थोडे हलवायचे. पुस्तकांत याला अंशशोधन म्हणतात, इंजिनिअर कॅलिब्रेशन म्हणतात. आमच्या कचेरीत 'मॉडेल बसवणे' हाच शब्द चालत असे.

आता खुंट्या पिळण्याचे काम संगणक करतो आणि एका रात्रीत हजारो वेळा करतो. त्यामुळे रेषा जुळवणे सोपे झाले आहे. जुळलेली रेषा खरी आहे का, हे ओळखणे मात्र पूर्वीइतकेच कठीण आहे, आणि माझा स्वतःचा एक अनुभव सांगितल्याशिवाय ते नीट समजणार नाही.

घाटमाथ्यालगतच्या एका पाणलोटासाठी मॉडेल बसवण्याचे काम माझ्याकडे आले होते. तीन पर्जन्यमापक, एक जलमापन केंद्र आणि काही पावसाळ्यांच्या नोंदी एवढी सामग्री होती. रेषा फार सुरेख जुळल्या. फक्त मॉडेलने तिथली जमीन जवळजवळ पाणी न मुरणारी ठरवली होती, आणि घाटातला कातळ आहे, असे असेल, असे म्हणून मी ते मान्य केले. पुढच्या पावसाळ्यात मॉडेल वापरात आले आणि अंदाज प्रत्यक्षाच्या दीडपट येऊ लागले. खालच्या गावांतल्या लोकांना दोनदा मध्यरात्री उठवून वर नेले गेले आणि दोन्ही वेळा पाणी नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवरही चढले नाही. तिसऱ्यांदा निरोप गेला तेव्हा लोक हलायला तयार होईनात.

कारण शोधायला मी तिन्ही पर्जन्यमापक पाहून आलो. डोंगराकडचा एका शाळेच्या आवारात होता. नोंद ठेवणारे गृहस्थ अत्यंत नेमाचे होते. एकही सकाळ त्यांनी चुकवलेली नव्हती, वहीचे प्रत्येक पान स्वच्छ होते. मेमध्ये नवे मोजपात्र आले, असे त्यांनी सहज सांगितले, आणि जुने कपाटातून काढून दाखवले. जुन्या काचपात्रावर २०० असा अंक होता आणि बाहेरच्या पर्जन्यमापकाच्या कड्यावर १००. हे अंक तोंडाच्या क्षेत्रफळाचे, चौरस सेंटिमीटरमधले. झाले असे होते की मोठ्या पावसात बाटली भरून वाहू लागते म्हणून कधीतरी तिथे लहान तोंडाचे कडे बसवले गेले. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाखाली दोन लिटरची बाटली ठेवली तर ती १०० मिलिमीटरलाच भरते, त्यामुळे हा बदल योग्यच होता. पण मोजपात्र मात्र जुनेच राहिले. लहान तोंडातून निम्मे पाणी येत होते आणि मोठ्या तोंडासाठी आखलेले पात्र ते निम्मेच दाखवत होते. कित्येक पावसाळे त्या डोंगरावरचा पाऊस अर्धा लिहिला गेला होता. नदीला मात्र पूर्ण पाऊस मिळत होता. माझ्या मॉडेलने कमी पाऊस आणि जास्त पाणी यांचा मेळ घालण्यासाठी जमीन कातळाची करून टाकली, आणि मे महिन्यात योग्य पात्र आल्यावर पाऊस खरा लिहिला जाऊ लागला, तेव्हा त्या खोट्या कातळावरून तो सगळा वाहून जाऊ लागला. नोंदवहीतली चूक मॉडेलने गिळली होती आणि मी तिला जमिनीचा गुणधर्म समजलो होतो. चांगली जुळणी पाहून समाधान न मानता त्या विचित्र अंकापाशी मी थांबलो असतो, तर गावांच्या दोन रात्री वाचल्या असत्या, आणि तिसऱ्या रात्री लोकांनी ऐकले असते.

जलविज्ञानात या अडचणीचा बराच विचार झाला आहे. मॉडेलमधल्या अंकांचे अनेक वेगवेगळे संच तेवढीच चांगली जुळणी देऊ शकतात, हे ब्रिटिश जलवैज्ञानिक कीथ बेव्हन यांनी अनेक वर्षे निरनिराळ्या प्रकारे मांडले आहे. एका संचात जमीन पाणी जास्त मुरवते आणि पाऊसही जास्त धरलेला असतो. दुसऱ्या संचात दोन्ही कमी असतात. गेल्या दहा पुरांत दोघांचे उत्तर सारखेच येते, पण अकरावा पूर वेगळ्या तऱ्हेने आला की दोघांच्या वाटा फुटतात. म्हणून एकच 'सर्वोत्तम' संच निवडून एकच रेषा काढण्यापेक्षा पटण्याजोगे सगळे संच चालवून त्यांचा पट्टा दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते.

अचूकतेच्या टक्केवारीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण निविदांत आणि अहवालांत बहुधा तीच पुढे केली जाते. नॅश आणि सटक्लिफ या दोघांनी १९७० मध्ये सुचवलेला निर्देशांक जगभर वापरला जातो. मॉडेल तंतोतंत जुळले तर तो १ येतो. मॉडेल आणि मोजलेल्या प्रवाहाची नुसती सरासरी यांत काही फरक उरला नाही तर तो शून्य येतो, आणि मॉडेल सरासरीपेक्षाही वाईट असेल तर उणे. म्हणजे तुलना कोणाशी होते, तर वर्षभराच्या सरासरीशी. ज्या नदीत बारा महिने पाणी असते तिथे ही तुलना ठीक आहे. पण आपल्या नदीला पाणी पावसाळ्याचे चार महिने, आणि उरलेले आठ महिने धरणातून सोडाल तेवढेच. अशा नदीत पावसाळ्यात पाणी वाढते आणि हिवाळ्यात आटते एवढे कळणारे मॉडेलही सरासरीला सहज हरवते आणि भला मोठा निर्देशांक मिळवते. पुराच्या बाबतीत तुलना व्हायला हवी ती 'आत्ता जेवढे पाणी आहे तेवढेच तीन तासांनी राहील' असे म्हणणाऱ्या माणसाशी. त्याला जे मॉडेल हरवत नाही, त्याचा गोदाघाटावर उपयोग नाही. ०.९ निर्देशांक म्हणजे ९० टक्के अचूक, असा जो अर्थ लावला जातो तो तर निव्वळ गैरसमज आहे.

ज्याला आपण मोजलेला पूर म्हणतो, तोही पूर्ण मोजलेला नसतो. शांत पाण्यात करंट मीटर (पाण्याचा वेग मोजणारे यंत्र) खोलीच्या सहा-दशांशावर, किंवा दोन-दशांश आणि आठ-दशांशावर सोडून वेग घेता येतो. महापुरात झाडे, ओंडके, मेलेली जनावरे वाहत येत असताना मीटर पाण्यात सोडता येत नाही. तरंगते वाहत कसे जाते ते घड्याळाने पाहून पृष्ठावरच्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणावे लागते, आणि बऱ्याच वेळा तेही शक्य नसते. मग पाण्याची पातळी वाचायची आणि पातळी-विसर्गाचा जो वक्र लहान पुरांवरून काढलेला आहे, त्याची रेषा वर ओढून आकडा घ्यायचा. होळकर पुलाखालच्या किंवा कोणत्याही पुलाखालच्या मोठ्या पुराचे क्यूसेक वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. नदीचे पात्र बदलले, गाळ साचला, काँक्रीट घातले किंवा काढले, नवा पूल झाला की तो वक्र जुना होतो. दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा तपासला नाही, तर मॉडेल ज्या उत्तराशी जुळवायचे ते उत्तरच चुकलेले असते.

पावसाच्या तारखेचा मुद्दा लहान आहे, पण त्याने फार घोटाळे केले आहेत. सकाळी साडेआठला मोजलेला चोवीस तासांचा पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला लिहिला जातो, म्हणजे त्यातला बहुतेक पाऊस आदल्या दिवशीचा असतो. त्र्यंबकचे पाणी काही तासांत खाली येते. प्रवाहाची नोंद तासाची आणि पावसाची नोंद दिवसाची, तीही एक दिवस सरकलेली, असे दोन ताळेबंद एकत्र बांधले की मॉडेलला पाणी पावसाच्या आधीच नदीत आलेले दिसते. यावर इलाज एकच, वरच्या पाणलोटातले पाऊस तासातासाचे हवेत.

आता परीक्षेविषयी. व्हिट क्लेमेश या जलवैज्ञानिकाने १९८६ मध्ये लिहून ठेवले की, नोंदींचे दोन भाग करावेत, एकावर मॉडेल बसवावे आणि दुसऱ्यावर तपासावे, आणि मॉडेल वेगळ्या परिस्थितीत वापरायचे असेल तर कोरड्या वर्षांवर बसवून ओल्या वर्षांवर तपासावे. हे ऐकायला इतके साधे आहे की सगळे करतच असतील असे वाटते. प्रत्यक्षात मोठे पूर मोजकेच असतात, आणि ते सगळे बसवण्याच्या भागात घेण्याचा मोह आवरत नाही, कारण त्यांच्याशिवाय मॉडेल मोठ्या पुराला कमी लेखते. मला तो मोह कळतो. पण नाशिकपुरती माझी सूचना अशी आहे की, २००८ चा सप्टेंबरचा पूर, २०१६ च्या ऑगस्टचा आणि २०१९ च्या ऑगस्टचा, या तिन्हींपैकी प्रत्येक वेळी एक पूर बाजूला ठेवावा, बाकीच्या सगळ्या नोंदींवर मॉडेल बसवावे आणि बाजूला ठेवलेल्या पुरात रामकुंडावर पाणी किती चढले असते आणि केव्हा, हे त्याला विचारावे. तिन्ही वेळा आलेली चूक, पातळीची फुटांत आणि वेळेची तासांत, तशीच जाहीर करावी. ती मोठी आली तरी लपवू नये. घाटावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला 'पाणी तीन वाजता चढेल' यापेक्षा 'दोन ते पाच या वेळात चढेल, आणि आजवर हा अंदाज एवढ्या तासांनी चुकला आहे' हे वाक्य अधिक उपयोगी आहे. 'वीस हजार क्यूसेक' या एका आकड्याऐवजी 'चौदा ते अठ्ठावीस हजार' असे उदाहरणादाखल छापले, तर आपले वाचक गोंधळतील असे मला वाटत नाही. शेतकऱ्याला पावसाचा अंदाज पट्ट्यातच समजतो.

धरणाच्या दरवाज्यांवर लक्ष ठेवले की झाले, असाही समज आहे. तो अर्धाच खरा आहे. धरणाखाली आळंदी नदी गोदावरीला मिळते, आणि धरणापासून शहरापर्यंतच्या मोकळ्या पाणलोटावर कोणाचाही दरवाजा नाही. पुढे वाघाडी, नासर्डी आणि वालदेवी येतात. या नद्यांचे पाणलोट गेल्या काही दशकांत शेतातून इमारतींत गेले आहेत. जिथे पूर्वी पाऊस मुरत होता तिथे आता गच्च्या, रस्ते आणि पार्किंग आहे, त्यामुळे पाणी जास्त येते आणि लवकर येते. पूर्वीच्या नोंदींवर बसवलेले अंक नासर्डीला आज लागू पडतील असे मानण्याला आधार नाही. या नद्यांवर तासाची पातळी नोंदणारी साधी केंद्रे नसतील, तर तिथे मॉडेल बसवणे म्हणजे अंदाजाने अंदाज करणे होय. आणि सायखेडा-चांदोरीचा प्रश्न याहून वेगळा आहे. तिथे गोदावरीचे आणि दारणेचे पाणी येते आणि खाली नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा आहे. दोन्ही नद्यांच्या पुरांचे माथे एकाच वेळी आले की काय होते ते तिथल्या लोकांनी भोगले आहे. त्यांच्यासाठी किती पाणी येणार याहून दोन्ही पाणी एकत्र येणार की मागेपुढे, हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी वेळेची जुळणी साठ्याच्या जुळणीपेक्षा जास्त काटेकोर लागते.

या हिशेबाचा परिणाम पुरापुरताही थांबत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा अशाच गणितांतून निघते, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे घर बांधता येईल की नाही हे ठरते. जायकवाडीला वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे यावरचा वाद, ज्यात २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशाने १५ ऑक्टोबरचा साठा हा आधार धरला, तोही शेवटी कोणत्या पाणलोटातून किती येवा मिळतो याच प्रश्नावर येऊन थांबतो. त्या वादात मला इथे पडायचे नाही.

नाशिकला हे काम करण्याची सोय नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. दिंडोरी रस्त्यावरची मेरी ही अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून आपल्याच गावात आहे, जलविज्ञान प्रकल्पाच्या काळात राज्यभर मोजणीच्या नोंदी नीट लावण्याचे मोठे काम झाले आहे, आणि शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. हवे आहे ते एवढेच की पाऊस, पातळी आणि विसर्गाच्या तासातासाच्या नोंदी कोणत्याही विद्यार्थ्याला अर्ज न करता मिळाव्यात, म्हणजे एकाने बसवलेले मॉडेल दुसऱ्याला तपासता येईल. माझ्या त्या पाणलोटाच्या नोंदी त्या वेळी दुसऱ्या कुणी पाहिल्या असत्या, तर काचपात्रावरचा अंक कदाचित आधीच सापडला असता.

आणखी एक नोंदवही आपल्याकडे आहे, तिचा उपयोग कोणी फारसा केलेला नाही. नाशिककर पूर मोजतात तो गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे आजी-आजोबांपासून सांगत आले आहेत. नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी आले की नाही, सरकारवाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले, हे जुन्या घरांत आजही लोकांना पाठ आहे. सराफ बाजारातल्या काही दुकानांत भिंतीवर रेघ मारून ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. गेल्या काही पुरांचे फोटो तर हजारो मोबाइलांत आहेत, आणि प्रत्येक फोटोवर वेळ आहे. मारुतीचा गुडघा, कंबर आणि छाती, घंटेची खालची कड, पायऱ्या आणि भिंतींवरच्या रेघा यांची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा लेव्हल (उंची मोजण्याची दुर्बीण) लावून काढली, तर १९६९ च्या महापुरापासूनच्या आठवणी मोजमापात येतील, आणि मीटर पाण्यात सोडता आले नव्हते त्या रात्रींचे पाणी किती चढले आणि किती वाजता, हे मॉडेलला विचारता येईल. हे काम दोन माणसे, एक लेव्हल आणि एक स्टाफ (उंच मोजपट्टी) घेऊन आठवड्याभरात करू शकतात. दिवाळीनंतर नदी उतरली की मी ते सुरू करणार आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात किंवा दुकानात पुराची खूण आहे, किंवा ज्यांच्याकडे तारीख-वेळेसह पुराचे फोटो आहेत, त्यांनी ते आपल्या कार्यालयाकडे पाठवावेत आणि आपण ते माझ्यापर्यंत पोहोचवावेत, एवढी विनंती आहे. मोजलेल्या सर्व उंचींची वही मी आपल्या कार्यालयात आणून देईन, म्हणजे ज्याला हवी त्याला ती उतरवून घेता येईल.

आपला,
एक निवृत्त जलमापन अभियंता
पंचवटी, नाशिक